मामा चौथ्या दिवशी येतात

मला राग चटकन येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. मामांचा दुसरा बोलपट पहिल्याइतका जमला नव्हता, असं आजही कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. पहिल्यात होतं काय, नुसती पळापळ. दुसऱ्याची शेवटची दहा मिनिटं बघताना तंजावूरच्या पत्र्याच्या थिएटरात माणसं हसून हसून बाकावरून घसरली होती. ती दहा मिनिटं बोलपट कंपनीच्या कुठल्याही लेखकाने लिहिलेली नव्हती. ती आमच्या आत्याने आमच्याच स्वैपाकघराच्या दारात उभं राहून, एका दमात, तमिळमध्ये सांगितली होती.

मामा म्हणजे माझे मामा नव्हेत. मद्रासहून निघणाऱ्या एका तमिळ साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर सहा चौकटींची चित्रगोष्ट यायची, तिच्यातले हे मामा. अंगाने काडी, डोक्याला दोन मापं मोठी पगडी, काखेत छत्री. पाऊस असो नसो, छत्री. ते पापनाशमला राहायचे आणि रोज तंजावूरची गाडी चुकवायचे. बरोबर गोलमटोल मामी आणि दोन वांड कार्टी. एवढ्या भांडवलावर ती गोष्ट तीन वर्षं चालली, आणि ती काढायचे माझे वडील.

वडील कालव्यांच्या खात्यात नकाशे काढायचे. नोकरी गोऱ्या इंजिनिअरच्या हाताखालची. सरकारी माणसाने साप्ताहिकात थट्टेची चित्रं काढलेली त्या साहेबाला खपली नसती, म्हणून चित्राखाली भलतंच नाव असायचं. दिवसभर कावेरीचे फाटे आखायचे आणि संध्याकाळी त्याच शाईने मामांची पगडी. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि गल्लीबाहेर कुणालाच नव्हतं. त्यातून शेजारणींनी ठरवून टाकलं होतं की मामी म्हणजे माझी आई. आई दर आठवड्याला वडिलांना विचारायची, "मी एवढी जाड आहे का हो?" वडील शहाणे होते. ते पेन्सिलीला टोक काढत बसायचे.

आम्ही तंजावूरचे मराठी. घरात आम्ही चौघं. वडील, आई, मी आणि वडिलांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. ती नवव्या वर्षी लग्न झालेली आणि दहाव्या वर्षी विधवा झालेली. मी सांगते आहे तेव्हा ती पन्नाशीला आली होती. डोकं केशवपन केलेलं, अंगावर तांबडं आलवण, आणि जीभ अशी की भाजीवाली तिच्याशी घासाघीस करायच्या भानगडीत पडत नसे. तिला पोथीपुरती नागरी अक्षरं लागायची. तमिळ बोलायला पक्की, पण वाचता येत नव्हतं. माझं बरोबर उलटं. घरात मराठी बोलत वाढले आणि शाळेत तमिळ वाचायला शिकले. ही नागरी मी चाळिशीनंतर गिरवली, तेव्हा कुठे काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या. नाही घेतलंत तरी माझं काही अडत नाही.

साप्ताहिक शुक्रवारी सकाळच्या गाडीने यायचं. जेवणं झाली की मागच्या अंगणात आत्या चिंच फोडायला बसायची आणि मी तिला मामा वाचून दाखवायचे, तमिळ वाचून लगेच मराठीत सांगायचे. ऐकताना ती चित्रावर वाकायची. तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "छत्री कुठे ठेवलीय त्याने?" मी दाखवायचे. मग चुका काढणं सुरू. तिची मोठी तक्रार एकच होती. मामा घरात आले तरी मामी आपली बसलेलीच असते. "नवरा दारातून आत आला की बाईने उभं राहावं. तो छत्री ठेवून टेकेपर्यंत उभं राहावं. मला आईने शिकवलंय हे. सांग तुझ्या बापाला." मी सांगायचे. वडील म्हणायचे, उभी मामी चौकटीत मावत नाही.

मग मद्रासच्या एका बोलपट कंपनीने मामांवर चित्र काढलं. ते आलं तेव्हा अख्खी गल्ली बघायला गेली, आत्या सोडून. "हे ध्यान घेऊन मी कुठे जाऊ बाई?" असं म्हणून ती घरी राहिली. आम्ही परत आलो तर तिने मला तासभर पिळून काढलं. त्याने छत्री काखेतच धरली होती ना, की हातात? चालताना वाकत होता का? मला कंटाळा आला. तेरा वर्षांची होते मी, माझ्या डोक्यात काय येणार?

पहिलं चित्र चाललं, आणि कंपनीने लगेच दुसरं मागितलं. त्यासाठी चांगली लांब गोष्ट हवी होती. वडील अडले. मामा अजून किती वेळा गाडी चुकवणार? महिनाभर त्यांना काही सुचेना, आणि मग एका शुक्रवारी कावळा आला.

हे नीट सांगायला हवं. कावळा माणसाच्या डोक्यावर बसला तर तो मोठा अपशकुन, त्या माणसाच्या जिवाला धोका, असं आमच्यात मानायचे. त्यावर उतारा असा की तो माणूस वारल्याचं खोटंच पत्र नातेवाइकांना धाडायचं. ते खरं समजून रडतात, आंघोळी करतात, आणि रडणं होऊन गेलं की मरण टळतं. मग दुसरं पत्र जायचं, की कावळा शिवला होता, मनाला लावून घेऊ नका, माणूस खुशाल आहे. यावर शहाणी माणसं कधी भांडली नाहीत. निदान आमच्या घरातली तरी नाही.

त्या शुक्रवारी मामा विहिरीवर आंघोळ करत होते. पगडी बाजूला, आणि टकलावर कावळा. मामीने घाबरून माहेरी पत्र टाकलं, मामा गेले. सहाव्या चौकटीत सासऱ्याने पत्र उघडलं होतं आणि सगळं घर छाती पिटत होतं. मी वाचता वाचता लोळत होते. वर बघते तर आत्याचे हात थांबलेले. ती उठली. चिंच तशीच टाकून तिने हात धुतले आणि विहिरीकडे तोंड करून बसून राहिली. मला वाटलं पोटात दुखतंय.

आईने मला आत ओढलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. आत्याचा नवरा ओरत्तनाडूचा. त्याचे वडील तिथल्या अन्नछत्रात कारकून होते. नवरा सोळा वर्षांचा, उंच, सासऱ्याने लग्नात दिलेली छत्री कधी न सोडणारा. सणावाराला मिळून तो चार वेळा आमच्याकडे आला. पाचव्या खेपेला त्याच्याऐवजी त्याच्या घरचं पत्र आलं, तो वारल्याचं. घरात आकांत झाला. दुसऱ्या दिवशी दुसरं पत्र, कावळा शिवला होता, मुलगा खुशाल आहे. आजोबा व्याह्यांवर भडकले, आजीने गोड केलं, आणि विषय संपला.

तीन महिन्यांनी श्रावणात पुन्हा पत्र आलं. मुलगा पटकीने गेला. आजोबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "झालं, यांच्या घरावर कावळ्यांची शाळाच भरते वाटतं." पत्र जुन्या पत्रांच्या तारेला अडकवलं. कुणी रडलं नाही, कुणी आंघोळ केली नाही. मध्ये शुक्रवार आला. शेजारच्यांनी आत्याला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं होतं. ती हिरवं लुगडं नेसून गेली, पुरणपोळी जेवली, ओटी भरून घेऊन उड्या मारत परत आली. चौथ्या दिवशी ओरत्तनाडूहून माणूस आला, अजून कुणी कसं आलं नाही म्हणून विचारायला. पत्र खरं होतं.

पुढचं आईने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, की शेजारचे ते जेवण कधी विसरले नाहीत. सुतकातली विधवा सवाष्ण म्हणून जेवून गेली, त्याचं खापर दहा वर्षांच्या पोरीवर फुटलं.

मला वडिलांचा इतका राग आला की संध्याकाळी ते कचेरीतून आले तर मी पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर आपटला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग अंगणात आत्याकडे, आणि त्यांना कळलं. ते बाहेर जाऊन तिच्याशेजारी बसले.

"अक्का, मी कावळ्याचंच पत्र घेतलंय. श्रावणातल्याला हात लावणार नाही."

"मला विचारायचं होतंस."

"हो. चुकलो."

 आत्या म्हणाली, "तुझा मामा म्हणजे ओरत्तनाडूचा तोच, हे मला पहिल्याच शुक्रवारी कळलं. छत्रीवरनं. तू तेव्हा पाच वर्षांचा होतास, तुझ्या लक्षात राहील असं वाटलं नव्हतं."

"छत्री उघडून तो मला तिच्याखाली बसवायचा," वडील म्हणाले. "मला तेवढंच आठवतं."

"तीन वर्षं मी बोलले का काही? मला आवडत होतं रे. त्याला बायको आहे, पोरं आहेत, गाड्या चुकवतोय, टक्कल पडतंय. कुठेतरी नांदतोय बिचारा. तुझं चित्र आहे, तू हवं ते काढ. पण त्याला मारू नकोस. माझं एवढंच मागणं आहे."

वडिलांनी तिच्या पायाला हात लावून शब्द दिला. पुढच्या शुक्रवारी मामा खुशाल असल्याचं पत्र सासुरवाडीला पोचलं. आत्याने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि पुन्हा चिंच फोडायला लागली. माझाही जीव भांड्यात पडला.

ते समाधान फार दिवस टिकलं नाही. कंपनीला कावळ्याची गोष्ट भलती आवडली. दुसऱ्या चित्रासाठी हीच, असं ठरवून त्यांनी करार पाठवला, वडिलांनी सही केली, आणि पंधरा दिवसांत कंपनीचा माणूस गोष्ट पक्की करायला आमच्या घरी आला. रेशमी शर्ट, अत्तराचा घमघमाट. आल्या आल्या झोपाळ्यावर बसला आणि कॉफी पिऊन झाल्यावर बोलायला लागला. मी दाराआड होते.

तो म्हणाला, पहिल्या चित्राला पुरुष खूप आले, बायका कमी आल्या. मालकांचं म्हणणं आहे की या खेपेला बायकांचे पदर ओले झाले पाहिजेत. "म्हणून मी मध्यंतरानंतर एक नवीन कल्पना घातलीय, सार. एक पत्र खोटं ठरलं. आता दुसरं पत्र येतं. मामा गेले. कोण विश्वास ठेवणार? सगळे हसतात. पायसम करून खातात. आणि या खेपेला पत्र खरं. इकडे जेवणाची पंगत, तिकडे मामांची तिरडी. एकही बाई कोरड्या डोळ्यांनी घरी जाणार नाही."

त्या बापड्याला काही माहीत नव्हतं. त्याने ते आपल्याच डोक्यातून काढलं होतं, आणि म्हणूनच माझ्या अंगावर काटा आला.

वडील म्हणाले, "मामा मरणार नाहीत."

"सार, करारात आहे. गोष्टीत लागेल तो बदल कंपनीने करायचा. तुम्ही सही केलीय."

वडील एरवी गोऱ्या साहेबाला तोंडावर सांगायचे, की तुमचा बांध वाकडा आहे. इथे रेशमी शर्टासमोर त्यांची वाचा बसली. शब्द दिला होता आणि तो पाळणं आता त्यांच्या हातात नव्हतं. मी दाराआडून बाहेर पडून त्या माणसाला चार शब्द सुनावणारच होते, तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात आला. मला बाजूला सारून आत्या स्वैपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

परक्या पुरुषासमोर आत्या कधी आली नव्हती. त्या वेळी आमच्यात केशवपन केलेली बाई येतच नसे. तो माणूस झोपाळ्यावरून चपापून उठला.

"दुसरं पत्र आल्यावर घरात कुणी रडत नाही ना?" आत्याने तमिळमध्ये विचारलं.

"नाही, अम्मा."

"पंगत बसलीय. मामी माहेरी आलेली, तिला सवाष्ण म्हणून मानाच्या पाटावर बसवलंय. पत्राला चार दिवस झालेत. बरोबर? मग दार वाजतं. सगळ्यांना वाटतं, गावाहून निरोप्या आला असेल. कुणीतरी जाऊन दार उघडतं, तर हाच. काखेत छत्री, पोटात भूक. पंगत बघतो आणि भडकतो. मी मेलो, आज चौथा दिवस, आणि तुम्ही जेवताय? एकजण रडला नाही? सासऱ्याच्या मानगुटीला धरतो, म्हणतो, रडा, तुम्ही आधी. सासू, तुम्ही मोठ्याने. मेव्हण्या, तू जमिनीवर लोळ. एकेकाला रडायला शिकवतो. कुणाला जमत नाही, सगळे पोट धरून हसतात. शेवटी त्याला स्वतःचीच दया येते आणि तोच रडायला लागतो. मग सगळ्यांना रडू येतं. आता झाले का तुमच्या बायकांचे पदर ओले?"

कंपनीचा माणूस आधी हसला, मग रुमाल काढून डोळे पुसले आणि पुन्हा हसला. मग त्याला शंका आली. "पण अम्मा, मामा जिवंत आहेत, तर दुसरं पत्र टाकलं कुणी?"

आत्या अडली नाही. "त्यानेच. पहिल्या पत्राला कोण किती रडलं ते त्याला बघायला मिळालं नव्हतं, म्हणून."

माणसाने खिशातून वही काढून हे सगळं तिथेच उतरवून घेतलं. वडिलांनी मान वर केली नाही. आत्या आत गेली आणि चुलीपुढे बसली. मी तिच्या मागे गेले. मला म्हणाली, "लोक म्हणाले, मी पाप केलं. तो तिथे मेलेला आणि ही इथे पुरणपोळी खातेय. पोरी, ते चार दिवस या घरात तो मेला नव्हता. कुणी मानलंच नव्हतं ना. एवढेच चार दिवस मला जास्तीचे मिळाले. मी अजून कुणाला बोलले नाही." मग तिने मला ताकातली मिरची तळायला लावली, कारण पाहुणा जेवायला होता.

चित्र तंजावूरला यायला वर्ष लागलं. लढाईच्या बातम्या तोपर्यंत सुरू झाल्या होत्या. दुपारच्या खेळाला जायचं ठरलं, आणि आत्या म्हणाली, "मी येते." आई घाबरली. लोक काय म्हणतील? आत्या म्हणाली, "ज्यांना म्हणायचं होतं ते चाळीस वर्षांपूर्वीच म्हणून मोकळे झाले." तिने धुतलेलं आलवण नेसलं, डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतला, आणि आम्ही निघालो.

थिएटरात बायकांची बाजू वेगळी होती, मध्ये पडदा. वडील पलीकडे. आत्याने हलणारं चित्र आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, पण तिला त्याचं काही नवल वाटल्याचं दिसलं नाही. मामा आले की ती थोडी पुढे वाकायची. "छत्री बरोबर धरलीय," एवढंच एकदा पुटपुटली. कावळा बसला, पहिलं पत्र गेलं, रडारड झाली, लोक हसले. मध्यंतर झालं. दुसरं पत्र आलं. सासऱ्याने ते तारेला अडकवलं. हे आत्याने त्या माणसाला सांगितलं नव्हतं. वडिलांनी कळवलं असेल, किंवा तारेला पत्र सगळीच माणसं अडकवतात. आत्याने माझं मनगट धरलं.

पंगत बसली. मामी मानाच्या पाटावर, नाकात नथ, पानात पुरणपोळी. दार वाजलं. थिएटरात अजून कुणाला काही कळलं नव्हतं, लोक वाट बघत होते. कुणीतरी दार उघडलं, आणि दारात मामा. काखेत छत्री.

सगळं थिएटर फुटलं. मामी जागच्या जागी पुरणपोळीत तोंड घालून बेशुद्ध पडली. सासू तोंडाचा आ करून बसलेली, सासरा बसलेला, सगळी पंगतच बसलेली. माझ्या मनगटावरचा हात सुटला. मी वळून बघितलं तर आत्या उठून उभी राहिली होती. पदर सावरून, मान खाली घालून, हात जुळवून नव्हे, नुसती, घरात उभं राहावं तशी. मागची एक बाई म्हणाली, बसा ना अम्मा, काही दिसत नाही. मी मागे वळून त्या बाईला असं सुनावलं की ती पुढचा सगळा वेळ चिडीचूप राहिली. आईने आत्याचा पदर ओढायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

पडद्यावर मामा ओरडले, भडकले, एकेकाला रडायला शिकवलं. आत्या उभीच. मग मामा स्वतःच रडायला लागले, डोळे पुसले, छत्री भिंतीच्या कोपऱ्यात टेकवून ठेवली आणि पाटावर बसले. तेव्हा आत्या बसली.